सुभानाची पाठ

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. तेव्हापासून खारवती नदीनं आपलं पात्र बदललं, आणि ज्यांनी ती कुस्ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्या नातवंडांचेही आता केस पिकले. पण आजही बोरजाईच्या तालमीत जा आणि अंगाला माती लावत बसलेल्या कुठल्याही गड्याला विचारा, गदा कुणाची? तो चालू सालच्या पैलवानाचं नाव घ्यायचा नाही. म्हणेल, सुभानाची.

आधी गदेचं सांगतो, मग सुभानाचं. कारण त्या गदेनंच त्याला खाल्लं.

खारवतीच्या दोन्ही काठांवर मिळून बारा गावं. सगळ्यांचा देव एकच, नाथ, पण त्याच्या पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा यावरून दर चैत्रात डोकी फुटायची. असं म्हणतात की एका जत्रेत भांडण इतकं पेटलं, की पालखी भर उन्हात वाटेवर टाकून लोक काठ्या शोधायला पळाले. देव तापला. पुजाऱ्याच्या अंगात येऊन म्हणाला, भांडायचंच असेल तर मातीत भांडा, आणि तेही एकेकट्यानं. तेव्हापासून जत्रेच्या दिवशी बारा गावांची एक मोठी कुस्ती ठरली. बाभळीच्या बुंध्याची गदा घडवली, तिच्यावर चांदीचा पत्रा मढवला. जो जिंकेल तो खारवती केसरी, आणि वर्षभर पहिला खांदा त्याच्या गावाचा.

गदेबरोबर नियमही झाले. गदा मागून मिळायची नाही, आणि नको म्हणून खाली ठेवताही यायची नाही. ज्याच्या खांद्यावर ती असेल त्याची पाठ कुस्तीत मातीला लागेल, तेव्हाच ती उतरेल. आणि तोवर त्याचा लंगोट बंद. म्हणजे लग्न करायचं नाही, झालेलं असेल तर घरी जायचं नाही. तालमीत राहायचं, तालमीत खायचं, तालमीतच निजायचं. नियम करणारे म्हातारे काही दुष्ट नव्हते. त्यांना वाटलं, माणूस माणूसच असतो, दोन-तीन वर्षांत कुणीतरी पाडेलच त्याला.

आणि तसंच व्हायचं. पहिला केसरी कुसुंबळीचा एक धनगर होता. तो पुढच्याच जत्रेत पडला आणि हसत हसत बायकोकडे गेला. मग एक कोष्टी झाला, मग एक माळी, मग दोघे सख्खे भाऊ एकामागून एक. सगळे पडले. सगळ्यांनी अंगावरची माती धुतली, संसार केले, पोटं सुटली, आणि म्हातारपणी पारावर बसून आपापल्या कुस्त्या तिखटमीठ लावून सांगितल्या. हरलेल्या केसरीइतका सुखी माणूस त्या काळी खोऱ्यात शोधून सापडला नसता.

मग सुभाना आला.

सुभाना बोरजाईच्या तेल्याचा मुलगा. असं म्हणतात की एकदा घाण्याचा बैल बसला, तेव्हा बापानं जू पोराच्या खांद्यावर ठेवलं, आणि दिवस मावळेपर्यंत घाणा थांबला नाही. चाँदसाहेब वस्ताद तेव्हा तालीम चालवायचे. रस्त्यानं जाताना त्यांनी घाण्याची करकर ऐकली. बैलाच्या चालीपेक्षा ही चाल भलती चांगली आहे, म्हणून आत डोकावले, आणि जुवाखालचं पोर बघून तिथंच बसले. दुसऱ्या दिवसापासून सुभाना तालमीत.

वस्तादांनी त्याला असा घडवला की डाव त्याच्या डोक्यात राहिलाच नाही, थेट अंगात उतरला. डोळे बांधून उभा केला तरी समोरच्याचा हात कुठून येणार ते त्याच्या कातडीला कळायचं. अंग तयार झालं तेव्हा घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं. नदीपलीकडं सातरणी गाव, तिथल्या तेल्याची अनशी. सुपारी फुटली होती, वैशाखातली तिथी धरली होती. आणि त्याच चैत्रात वस्तादांनी त्याला मोठ्या कुस्तीला उभा राहा म्हणून सांगितलं. एक वर्ष गदा गावात येऊ दे, पुढल्या सालात पडशील, मग कर लगीन, असं म्हणाले. बोरजाईला तोवर गदा कधी मिळालीच नव्हती. पाटलापासून पखालीवाल्यापर्यंत सगळे येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवून गेले.

सुभाना नदीवर गेला. पलीकडून अनशी पाण्याला आली होती. उन्हाळ्यानं धार बारीक झालेली, दोघं दोन काठांवर उभे राहिले तरी बोलणं ऐकू यायचं.

"पाठ टेकली की येतो," सुभाना म्हणाला.

"कवा टेकंल?"

"पुढल्या जत्रंला. लई झालं तर त्याच्या पुढल्या."

अनशी हसली म्हणतात. घागर उचलताना म्हणाली, "मग टेका लवकर."

कुस्तीआधी चाँदसाहेबांनी सुभानाचा हात तालमीच्या मातीत मनगटापर्यंत रोवला. त्या तालमीची माती साधी नव्हती. ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून पिढ्यान्‌पिढ्या मळलेली होती, आणि तिच्याइतकी मोठी शपथ त्या तालमीत दुसरी नव्हती. वस्तादांनी एवढंच वदवून घेतलं, की माती खोटी करायची नाही. म्हणजे नुरा कुस्ती करायची नाही. आधी ठरवून, आतून सांगून, मुद्दाम पडायचं किंवा पाडून घ्यायचं, त्याला नुरा म्हणतात. पैलवानाला त्याहून मोठं पाप नाही. सुभानानं शपथ घेतली. तेव्हा त्याच्या मनात जिंकण्याखेरीज दुसरं काही नव्हतं, त्यामुळे ती जड वाटली नाही.

तो जिंकला. बोरजाईत गदा आली, हलग्या फुटेपर्यंत वाजल्या. आणि पुढल्या जत्रेत तो पुन्हा जिंकला. त्याच्या पुढल्या जत्रेतही जिंकला.

असं म्हणतात की चौथ्या सालापासून त्याला पडायचं होतं. मुद्दाम नाही. त्याला वाटायचं, आज समोरचा चांगला आहे, आज आपला पाय निसटेल. पण खांद्याला खांदा लागला की अंग त्याचं ऐकायचं नाही. वस्तादांनी त्यात जे भरलं होतं ते आपोआप उठायचं आणि समोरचा आभाळ बघत मातीत पडलेला असायचा. हलगीवाले जोर करायचे, शिंग फुंकलं जायचं, लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचायचे, आणि वर बसलेला सुभाना नदीकडं बघत राहायचा.

नदीकडं बघायला कारण होतं. त्या काळी बाया मैदानात यायच्या नाहीत. पण खोऱ्यात रीत अशी होती, की केसरीनं गदा राखली तर हलगी वाजतच देवळाकडं जायची, आणि केसरी पडला तर हलगी एकदम बंद पडायची. हरलेला माणूस उठून बसेपर्यंत त्याच्या मानासाठी सगळे वादक गप्प राहायचे. अनशी दर जत्रेला पलीकडच्या काठावर येऊन उभी राहायची आणि हलगी थांबते का ते ऐकायची. हलगी थांबायची नाही. मग ती घरी जायची.

चाँदसाहेब थकले, अंथरुणाला खिळले. सुभानानं त्यांचे पाय चेपता चेपता विनवलं, की मला मोकळं करा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "पाठ मोकळी करनं माज्या हातात न्हाई, लेका," ते म्हणाले. "ती मातीच्या हातात. तुला एवढा पक्का करायला नको हुता मी." त्या पावसाळ्यात ते गेले, आणि ज्याच्यापुढं शपथ घेतली होती तो माणूसही गेला.

मग गावाचं सुरू झालं. खरं सांगायचं तर गाव वाईट नव्हतं, पण गावाला एखाद्या गोष्टीची चटक लागली की ते आंधळं होतं. सुभानाच्या काळात शेजारच्या गावांत पटकी आली, ती बोरजाईत आली नाही. लगेच कुणीतरी म्हणालं, गदेची पुण्याई. टोळधाड आली, तीही शिवारावरून पुढं गेली. पुन्हा पुण्याई. होता होता लोकांनी धरलं, की सुभानाची पाठ टेकली नाही म्हणून गाव टिकलं आहे. मग कुस्तीचं राहिलं बाजूला, त्याची पाठ कुठंच टेकू नये असं ठरलं. तुळाजी पाटलांनी तालमीत दोन माणसं बसवली. सुभाना झोपेत उताणा व्हायला लागला की ती त्याला अलगद कुशीवर वळवायची. भिंतीला टेकून बसला तर मध्ये गोधडीची वळकटी सरकवायची. तूप, बदाम, खारीक, गावानं काही कमी केलं नाही. ज्याच्या पाठीवर सगळ्या गावानं हात फिरवला होता त्यानं आता आपलीच पाठ खाजवली तरी माणसं दचकायची.

एकदा तो निघालाच. भर दुपारी, पहारेकरी पेंगत असताना, तो नदीत उतरला आणि कमरेएवढ्या पाण्यात गेला. पलीकडं अनशी धुणं धूत होती. आता तिला पोरगी म्हणावं असं वय राहिलं नव्हतं. बापानं दुसरीकडं द्यायचं म्हणून पाहिलं, तर तिनं सुपारी एकदाच फुटते म्हणून सांगितलं होतं. भाऊ-भावजयीच्या घरात राबून खायची. तिनं त्याला येताना पाहिलं आणि हातातलं लुगडं टाकून ती उभी राहिली. सुभानाला वाटलं, आता ही हात पुढं करेल.

तिनं हात पुढं केला, पण थांबवायला.

"पाठ टेकली?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग असं नका येऊ. असं आलासा तर तुमी मातीचंबी ऱ्हानार न्हाई आन् माजंबी ऱ्हानार न्हाई. जल्मभर मान खाली घालून घाणा वडाल. मला त्यो मानूस नको."

सुभाना पाण्यात उभा राहिला. ती म्हणत होती ते खोटं नव्हतं, हे त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच त्याला रडू फुटलं. तसाच माघारी वळला. असं म्हणतात की तो जिथं उभा होता तिथं नदीचं पाणी त्या वर्षापासून खारट झालं. आम्ही काही चाखून पाहिलेलं नाही. पण जनावरं तिथं तोंड लावत नाहीत, एवढं खरं.

पुढं पुढं तर त्याच्याशी लढायला कुणी येईनासं झालं. चालीप्रमाणं केसरीनं मूठभर माती हातात घेऊन मैदानाला फेरी मारायची, आणि ज्याला लढायचं असेल त्यानं त्याच्या हातातली माती घ्यायची. सुभाना हात पुढं करून फिरायचा. ज्याच्या समोर जाई तो खाली बघायचा. बारा गावांतले दणकट गडी, कुणी मिशा कुरवाळायचा, कुणी धोतराच्या सोग्याशी चाळा करायचा. फेरी पूर्ण व्हायची, माती त्याच्या हातातच राहायची, आणि हलगी न थांबता देवळाकडं जायची. पाहणाऱ्यांना वाटायचं, काय रुबाब आहे. भीक मागणाऱ्या माणसाचा हात कसा असतो ते त्यांतल्या कुणालाही ओळखता आलं नाही.

सुभानाचे केस पांढरे होऊ लागले तेव्हा त्याला दौलू दिसला.

दौलू कुसुंबळीचा पाथरवट. नदीकाठच्या खाणीत दगड फोडायचा. जात्याची एक तळी दोघांनी उचलायची असते, ती तो छातीशी धरून चढ चढत होता. सुभानानं त्याचे पाय बघितले, कंबर बघितली, आणि कितीतरी वर्षांनी त्याला आशा वाटली. हा पाडेल. आज नाही, पण शिकला तर पाडेल.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच फसलं.

सुभाना दौलूला सांगू शकत नव्हता, की मला पाड. सांगितलं की ती नुरा झाली, माती खोटी झाली. त्यानं एवढंच विचारलं, शिकतोस का? दौलूला तर आभाळ ठेंगणं झालं. देवळामागच्या वाळूत दोघं पहाटेचे भेटू लागले. पहारेकऱ्यांना वाटलं, म्हातारपणाकडं झुकलेला पैलवान जोर काढतोय, काढू दे. सुभानानं एक काळजी घेतली. शागीर्द करताना वस्ताद मनगटाला गंडा बांधतो, नारळ घेतो. त्यानं गंडा बांधला नाही, नारळ घेतला नाही. आणि पहिल्याच दिवशी बजावलं, की मला वस्ताद म्हणायचं नाही, कुणापुढं नाव काढायचं नाही. त्याला वाटलं, एवढ्यानं भागेल. जन्मभर मातीत वाढलेला माणूस, पण आशा माणसाला भोळं करते.

त्यानं दौलूला सगळं दिलं. वस्तादानं एक डाव पोटात ठेवावा म्हणतात, शागीर्द उलटला तर असावा म्हणून. चाँदसाहेबांनी मरताना सुभानाच्या कानात सांगितलेला असा एक डाव होता. सुभानानं तोही काढून दिला. त्यानं स्वतःच्या अंगाला दौलूच्या हाताखाली घालून दाखवलं, की असा धरलास तर समोरच्याला सुटका नाही. वाळूवरून उठताना त्याचा चेहरा असा दिसायचा, की दौलूला वाटायचं, शिकवण्यात यांना केवढा आनंद आहे.

जत्रा आली. बारा गावं लोटली. सुभाना माती घेऊन फिरायला लागला, आणि कुसुंबळीच्या बाजूनं दौलू उठला आणि त्यानं त्या हातातली माती घेतली. मैदान उभं राहिलं. इतक्या वर्षांत कुणी माती घेतली नव्हती. तुळाजी पाटील तोंडातलं पान चावायचं विसरले. हलग्यांनी जोर धरला. सुभानानं नदीकडं पाहिलं. पलीकडच्या काठावर लुगड्याचा एक ठिपका होता. त्याला वाटलं, आज संध्याकाळी ओल्या अंगानं त्या काठावर चढायचं, आणि काय बोलायचं ते त्यानं मनात जुळवूनही ठेवलं.

दोघं समोर आले. सलामीला दौलूनं हात पुढं करायचा, सुभानानं हाताला हात लावायचा, की कुस्ती सुरू.

दौलूनं हात पुढं केला नाही. तो खाली वाकला, त्यानं सुभानाच्या पायाखालची माती उचलून कपाळाला लावली, आणि सगळ्या मैदानासमोर आपलं डोकं त्याच्या पायांवर ठेवलं.

"ज्यानं अंगाला माती लावली त्यो वस्ताद," तो म्हणाला. "गंडा नसू द्या. वस्तादाच्या अंगाला हात लावला तर हात झडतील माजे. म्या माती घेतली ती तुमचा मान सांगाया, लढाया न्हाई."

शागीर्दानं वस्तादाशी लढायचं नसतं. हे त्या खोऱ्यात दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं. दौलूच्या मनात काळं काही नव्हतं. त्यानं आपल्याजवळचं सगळ्यात मोठं जे होतं ते सुभानाच्या पायांवर वाहिलं. महिनोन्‌महिने तो या दिवसाची वाट बघत होता, की चारचौघांत आपल्या वस्तादाचं नाव घेता येईल.

आणि असं कधी कुणी पाहिलंच नव्हतं म्हणून हलगीवाल्यांचे हात आपोआप थांबले.

हलगी थांबली.

सुभानाच्या ते आधी ध्यानात आलं नाही. मग त्यानं नदीकडं पाहिलं. तो ठिपका काठावरून पळत घराकडं निघाला होता. त्या वयाची बाई पोरीसारखी पळत होती. सुभानानं हलगीवाल्यांकडं बघून वाजवा, वाजवा म्हणून हात केला. लोक भानावर येऊन पुन्हा जल्लोष करायला लागले, हलगी सुरू झाली, तोवर सातरणीच्या वाटेवर कुणी नव्हतं.

पुढचं सातरणीकर सांगतात. अनशी घरी आली ती हसत आणि रडत. ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून ती नेसली, डोईला तेल लावलं, भावजयीला म्हणाली, पाठ टेकली त्यांची, ते येतील. लांबून येणारी हलगी भावजयीला ऐकू येत होती, पण तिला सांगवेना. दिवस कलताना अनशीनं दारात दिवा लावला आणि उंबऱ्याशी बसली. तालमीच्या खिडकीतून नदीपलीकडचा तो दिवा दिसत होता. सुभाना खिडकीचे गज धरून उभा होता. पाटलांच्या माणसांनी त्याला जेवायला बोलावलं, तो वळला नाही. तेल संपेपर्यंत दिवा जळला, मग विझला.

त्यानंतर सुभानानं मुद्गल उचलला नाही. दौलू रोज येऊन पायाशी बसायचा, काय चुकलं ते विचारायचा. सुभाना त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, तुझं काही चुकलं नाही. त्या गरीब गड्याला पुष्कळ दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा तो खाणीत जाऊन दगडावर डोकं आपटत होता, लोकांनी धरून आणलं.

दोन पावसाळे सुभाना जगला. श्रावणात एका सकाळी तालमीच्या मातीत कुशीवर निजलेला होता, तो उठला नाही.

आणि गाव बघा. माणूस मेला, तरी त्याची पाठ गावाला सोडवेना. सरणावर ठेवायचा तर उताणा ठेवावा लागणार. कुणी म्हणालं, पाठ टेकली की गदेचं सत्त्व गेलं. तुळाजी पाटलांनी तोड काढली, की लंगोटबंद माणूस म्हणजे संन्यासीच, त्याला बसवून समाधी देऊ. खड्डा खणला. सुभानाला मांडी घालून बसवला, मान पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी मीठ रचलं.

तेव्हा अनशी आली. खारवती चढलेली होती, ती कशी उतरून आली कुणाला कळलं नाही. असं म्हणतात की पाण्यानं तिला वाट दिली. पिकल्या केसांची, तेच हिरवं लुगडं नेसलेली. खड्ड्याच्या काठावर उभी राहून तिनं खाली पाहिलं.

"निजवा त्यास्नी," ती म्हणाली.

पाटील म्हणाले, बाई, पाठ टेकंल.

"टेकू द्या की. सगळा जल्म अवघडून बसल्यालं हाईत. म्याच येकदा माघारी लावलं, ते पाप माजं. आता तरी निजवा."

कुणी हललं नाही. एवढे पुरुष उभे, पण एकाचंही धाडस झालं नाही. दौलू पुढं सरला तर चौघांनी त्याला धरला. माती लोटली गेली. अनशी शेवटपर्यंत उभी होती. मग ती आली तशी गेली.

त्याच वर्षी बोरजाईत पटकी आली. ज्या पाठीसाठी एवढं केलं ती टेकली नव्हती, तरी आली. तुळाजी पाटलांचं घर निम्मं रिकामं झालं. तेव्हा कुठं लोकांना कळलं, की पुण्याई वगैरे काही नव्हतं. एका माणसाचा जन्म आपण उगाच जाळला. पण कळून काय उपयोग.

पुढल्या चैत्रात गदा कुणाच्याच खांद्यावर नव्हती. दौलू उतरला आणि त्यानं एकेक करून सगळ्यांना पाडलं. हलगी वाजायला लागली, लोक हार घेऊन धावले. दौलूनं हातानं हलगी थांबवली. गदेला शिवायच्या आधी तो मैदानाच्या मधोमध, त्या तांबड्या मातीत, दोन्ही हात पसरून उताणा निजला. खांदे टेकवले, कंबर टेकवली, आणि डोळे मिटले.

"वस्तादांची पाठ टेकली," तो म्हणाला.

मग उठला आणि पाठीची माती न झाडता नदी उतरून सातरणीला गेला. अनशी उंबऱ्याशी बसली होती. दौलू तिच्यापुढं पाठ करून बसला आणि म्हणाला, "पाठ टेकली. आलो." कुणी म्हणतात तिला तेव्हा दिसत नव्हतं, तिला खरंच सुभाना वाटला. मला तसं वाटत नाही. तिला कळत होतं. तिनं त्या पाठीवरून, मातीवरून, हात फिरवला आणि दोनच शब्द बोलली.

तेव्हापासून लंगोटाचा नियम मोडला. आजही नाथाच्या जत्रेत जो खारवती केसरी होतो, तो कुठल्याही गावचा असो, जिंकल्यावर आधी मातीत उताणा निजतो. तेवढा वेळ हलगी गप्प असते. मग पाठीची माती तशीच ठेवून तो सातरणीला त्या दाराशी जातो, पाठ करून बसतो आणि म्हणतो, पाठ टेकली, आलो. घरातली सगळ्यात म्हातारी बाई बाहेर येते. त्याच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, "उशीर केलासा." त्यावर पैलवानानं काही बोलायचं नसतं. थोडा वेळ खाली मान घालून बसायचं असतं.

मग तो आपल्या घरी जातो. तालमीत नाही, घरी. आणि बायकापोरांच्या मध्ये, अंगण असेल तर अंगणात, पाठ टेकून निजतो.